चाव्या हरवलेला रुपयावाला फोन परत बोलता कसा करायचा, अगदी पहिल्यापासून

सांगलीच्या मामाच्या किराणा दुकानातला लाल कॉइन बॉक्स माझ्याकडे आला तेव्हा त्याला दोन कुलपं होती आणि चावी एकही नव्हती. दुकानाच्या बाहेरच्या खांबाला तो कित्येक वर्षं होता, शाळेची पोरं, हमाल, एसटीतून उतरलेली माणसं, सगळी त्याच्यावरून बोलायची. मग २००३ मध्ये मोबाईलचं इनकमिंग फुकट झालं आणि हळूहळू रुपया टाकणारं कोणी उरलं नाही. दुकान रंगवायला काढलं तेव्हा तो पोत्यात भरून माळ्यावर गेला आणि चाव्या कुठे गेल्या ते मामालाही आठवेना. मामी म्हणाली, "घेऊन जा बाई, नाहीतर उद्या भंगारवाला नेईल." घेऊन आले. त्यानंतर ओळखीच्यांचे अजून तीन झाले, त्यामुळे आता कुठे काय अडतं ते बऱ्यापैकी कळलंय, आणि ज्यांच्या हातात असा डबा पहिल्यांदाच आलाय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, माझ्या मते कॉइन बॉक्स दुरुस्त झाला असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा रुपया टाकल्यावर पलीकडच्याला आपला आवाज जातो. नुसता रंग मारून हॉलमध्ये लटकवलेले खूप बघितलेत, आत मेलेला सर्किट बोर्ड आणि वर चकाचक लाल रंग, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. कारण हा फोन चालू करणं तेवढं अवघड नाहीये.

हा फोन चालायचा कसा ते आधी समजून घ्या

पिवळ्या पाटीच्या एसटीडी पीसीओ बूथमध्ये माणूस बसलेला असायचा, मीटर फिरायचा, बिल छापून यायचं. कॉइन बॉक्सला माणूस लागत नव्हता, सगळा हिशोब डब्यानेच ठेवायचा. आपण रिसीव्हर उचलायचा, नंबर दाबायचा, पलीकडून हॅलो यायचं, ते आपल्याला ऐकू यायचं पण आपलं त्यांना जायचं नाही. रुपया आत गेला, खळ्ळकन आवाज झाला की माईक उघडायचा. ज्यांनी वापरलाय त्यांना आठवत असेल, पलीकडचा हॅलो हॅलो करतोय आणि आपण घाईघाईत खिशात रुपया शोधतोय. आणि वेळ संपत आली की टूं टूं.

आता पलीकडच्याने उचललं हे डब्याला कळायचं कसं? फोनच्या लाईनीत दोन तारा असतात, रिसीव्हर ठेवलेला असताना त्यांच्यात साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. ज्याला फोन केला त्याने उचलला की टेलिफोन एक्स्चेंज त्या दोन तारांचं प्लस मायनस उलटं करायचं. डबा नेमकं तेच बघत बसलेला असायचा. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, शेवटी जोडताना नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि चांगला फोन बिघडलाय म्हणून परत पोत्यात भरतात.

फोन कुणाचा आहे

स्टेशनवर, दवाखान्याच्या भिंतीवर, बंद दुकानाच्या शटरशेजारी अजूनही काही डबे लटकलेले दिसतात. बेवारस वाटतात पण ते कुणाचे तरी आहेत, दुकानदाराचे किंवा टेलिफोन कंपनीचे. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि पुढे कुलपाबद्दल जे लिहिलंय ते फक्त स्वतःच्या मालकीच्या फोनसाठी आहे. विकत घेतला असेल तर साध्या कागदावर का होईना लिहून घ्या, अमुक तारखेला अमुक फोन इतक्याला विकला, खाली सही. चावीवाल्याकडे गेलात तर चांगला चावीवाला हे विचारतोच, आणि त्याने विचारलं तर राग मानू नका.

विकत घ्यायचा असेल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे अधूनमधून मिळतो, मुंबईत चोर बाजारात. पण खरं सांगायचं तर सगळ्यात चांगले फोन माळ्यावरचे, म्हणजे आपल्याच ओळखीत कुणाचं दुकान होतं का विचारा. घेताना तीन गोष्टी बघा. रिसीव्हर मूळचाच आहे का, हुक, म्हणजे रिसीव्हर ठेवायचा खटका, दाबल्यावर परत वर येतो का, आणि डबा कानाशी धरून हलवल्यावर आत काय वाजतंय. नाणी वाजली तर उत्तम. सुट्टा स्क्रू वाजला तरी चालेल. पण भाजल्यासारखा वास येत असेल तर वीज पडून बोर्ड गेलेला असायची शक्यता बरीच, मग किंमत त्या हिशोबाने करा.

कुलपं

बहुतेक डब्यांना दोन लॉक असतात. एक मुख्य झाकणाचं, ते उघडलं की बोर्ड, कीपॅड, नाण्याची वाट सगळं दिसतं. दुसरं खालच्या गल्ल्याचं, जिथे नाणी जमतात. दोन्हीच्या चाव्या वेगळ्या असतात, कारण दुरुस्तीवाल्याने झाकण उघडावं पण गल्ल्याला हात लावू नये. ही रचना आपल्या फायद्याची आहे, का ते सांगते.

हत्यार हातात घ्यायच्या आधी चावी शोधा. हसू नका, चारपैकी एका फोनची चावी त्याच्याच पाठीला सेलोटेपने चिकटवलेली निघाली, वर धूळ बसून टेप काळा पडल्यामुळे दिसत नव्हती. दुकानाचा जुना गल्ला, देवघराचा खण, चाव्यांचा तो एक जुडगा जो कुणी फेकत नाही आणि कुणाला कशाचा ते माहीत नसतं, सगळं बघा. लॉकच्या तोंडावर भिंगाने बघा, कधीकधी तीन चार आकडी नंबर कोरलेला असतो. मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे किंवा फर्निचरची लॉकं विकणाऱ्याकडे त्या नंबरची तयार चावी मिळून जाते. जुडग्यातल्या कपाटाच्या चाव्या पण घालून बघायला हरकत नाही पण जोर लावायचा नाही, आत मोडली तर काम तिप्पट वाढतं.

मग लॉक साफ करा. पंधरा वीस वर्षं पावसापाण्यात राहिलेलं लॉक चावी असली तरी फिरत नाही. डब्ल्यूडी ४० ची नळी लावून दोन फवारे मारा, डबा तोंडावर पालथा ठेवा म्हणजे घाण बाहेर येईल, रात्रभर तसाच राहू दे. दुसऱ्या दिवशी फडक्याने टिपून घ्या आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड करून थोडी आत फुंका. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिकट लगदा होतो आणि पुढच्या वर्षी परत तेच.

आता चावीवाला. माझ्या डब्याच्या झाकणाला साधी चपटी चावी लागायची, असल्या लॉकमध्ये आत पितळी पट्ट्या असतात. सांगली स्टँडजवळ एक काका पेटी घेऊन बसतात, त्यांच्याकडे पोत्यासकट नेला. मी कागद दाखवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुणाच्या दुकानातला?" मामाचं नाव सांगितलं तर म्हणाले यावर मीच घरी फोन करायचो. मग त्यांनी कोरी चावी घेतली, मेणबत्तीवर धरून काळी केली, आत घातली, दाबून इकडे तिकडे अगदी थोडी हलवली आणि बाहेर काढून उन्हात तिरकी धरली. काजळीवर बारीक चकचकीत रेघा उठल्या होत्या, जिथे आतल्या पट्ट्या चावीला अडत होत्या तिथे. त्या रेघांवर कानशीचे दोन हात, परत मेणबत्ती, परत आत. असं आठ दहा वेळा झालं. प्रत्येक वेळी रेघा कमी होत गेल्या आणि एकदा चावी गपकन फिरली. त्यांनी हात मागे घेतला आणि मला म्हणाले, तुम्ही उघडा. लॉक शाबूत, चावी नवी, डब्याला ओरखडा नाही. माझं नवीन लोकांना मनापासून सांगणं आहे की पहिल्या फोनला हाच मार्ग धरा. यूट्यूब बघून हेअरपिन घालण्यात दोन दिवस घालवू नका.

गल्ल्याचं लॉक मात्र गोल नळीसारख्या चावीचं होतं, आत गोलाकार सात पिना. काकांकडे त्याची कोरी चावी नव्हती. आणि इथे ती रचना कामाला आली, कारण झाकण उघडल्यावर मधल्या पत्र्याला नाणी खाली पडायची जी फट असते तिच्यातून टॉर्च मारला तर गल्ल्याच्या लॉकची मागची बाजू दिसते. असल्या लॉकला मागे एक पट्टी असते, चावी फिरवली की तीच फिरते आणि दार अडवते. ती पट्टी एका छोट्या नटाने बसवलेली असते. लांब दांड्याचा बॉक्स पाना आत घालून तो नट सोडवला, पट्टी खाली पडली, गल्ला उघडला. फट अरुंद असेल तर मोबाईलला लावायचा वायरवाला कॅमेरा मिळतो स्वस्तात, तो आत सोडून बघत बघत काम करता येतं. म्हणून क्रम चुकवायचा नाही, आधी झाकण, मग गल्ला.

आणि दोन्ही गोल चावीची असतील, झाकण पण उघडत नसेल, तर? सात पिनांच्या लॉकसाठी कुलूपवाल्यांकडे खास हत्यार असतं, शहरातल्या जाणत्या माणसाकडे डबा घेऊन जा आणि त्याच्यासमोर बसा. तिथेही नाही झालं तर शेवटचा उपाय ड्रिल. मी एकदाच केलंय, मैत्रिणीच्या वडिलांच्या फोनवर, आणि परत करायची वेळ येऊ नये असं वाटतं. लॉकच्या मधोमध टोच्याने खूण, आधी ३ मिमीचा बिट, मग जाड बिट, कमी स्पीडवर, डोळ्यांना चष्मा लावूनच. घाई केली तर बिट घसरून दर्शनी पत्र्यावर कायमचा ओरखडा येतो. लॉकच्या भोवती पत्र्यावर मास्किंग टेपचे तीन चार थर द्या आणि बिटाला ग्रीस लावा म्हणजे कीस त्याला चिकटून राहतो. ही लॉकं बहुतेक जस्ताच्या ओतकामाची असतात, त्याचा कीस लोहचुंबकाला लागत नाही, म्हणून डबा असा धरायचा की भोक खालच्या बाजूला येईल आणि कीस बाहेर पडेल, आत बोर्डावर गेला तर शॉर्ट व्हायला एक कण पुरतो.

उघडल्यावर जुनं लॉक फेकू नका. कॅलिपरने भोकाचा व्यास, लॉकची लांबी आणि मागच्या पट्टीची लांबी मोजा. खूप ठिकाणी १९ मिमी व्यासाचंच निघतं, ते फर्निचर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत हवं ते मिळेल. एकाच चावीची जोडी मागून घ्या, दोन्हीला एकच चावी.

आत काय काय निघालं आणि साफसफाई

कुठलीही वायर काढायच्या आधी फोटो काढा. वरून, डावीकडून, उजवीकडून, प्रत्येक कनेक्टरचा जवळून. मग अजून पाच काढा. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि आठवेल असं वाटतं ते आठवत नाही.

माझ्या गल्ल्यात एक रुपयाची सात नाणी होती आणि एक वायसर, कानशीने घासून घासून बरोब्बर रुपयाएवढा केलेला. कुणा पोराने किती वेळ बसून घासला असेल. मामाला दाखवला तर तो बराच वेळ हातात धरून बसला, म्हणाला कोण ते मला माहितीय. नाव सांगितलं नाही.

काही डब्यांच्या बोर्डावर छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. तीच पहिली बघा, कारण ती गळलेली असते आणि हिरवट पांढरी बुरशी आजूबाजूचे तांब्याचे पट्टे खात असते. बॅटरी कापून काढा, त्या जागी कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर लावा, फसफसणं थांबलं की पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा, वाळू द्या. जुन्या टूथब्रशसारखं हत्यार नाही. पट्टा तुटला असेल तर बारीक वायरीने जोडून घ्या, सोल्डरिंग येत नसेल तर मोबाईल रिपेअरवाला दहा मिनिटांत करून देतो.

कीपॅडचे आकडे दाबले तरी लागत नसतील तर तो बिघडलेला नसतो, मळलेला असतो. रबराच्या मागे काळे ठिपके असतात, ते अल्कोहोलच्या ओल्या कापडाने हलकेच पुसायचे, घासायचे नाहीत, पॉलिश पेपर तर अजिबात नाही, तो काळा थर गेला की आकडा गेला. रिसीव्हरची दोन्ही झाकणं फिरवून उघडतात, आत स्पंज असतो, वीस वर्षांच्या श्वासांचा वास असतो त्याला, तो बदलाच. कोष्ट्याचं जाळं, मुंग्यांची घरं, पालीची अंडी, सगळं निघतं, मास्क लावून काम करा.

बोर्ड जिवंत आहे का

खऱ्या लाईनीला लगेच जोडू नका. दोन कारणं आहेत, एक म्हणजे आत शॉर्ट असेल तर लाईन खराब होते, आणि दुसरं म्हणजे तुम्ही हात घालून बसलेले असताना कुणाचा फोन आला तर रिंगचा व्होल्टेज ७५ व्होल्ट एसीच्या आसपास असतो, तो चांगलाच चावतो.

मल्टिमीटर घ्या. लाईन कॉर्डच्या दोन्ही तारा टोकापासून टोकापर्यंत तपासा, कॉर्ड हलवत हलवत, तुटलेली तार बहुतेक वेळा डब्यात शिरते त्याच जागी असते. हुकचा स्विच दाबून सोडून बघा. कानाचा स्पीकर मोजा, शे-दीडशे ओहमच्या आसपास काहीतरी दाखवतो आणि मीटरचे टोक लावताना कानात टिक असा आवाज येतो, काहीच दाखवत नसेल तर गुंडाळीच्या वायरीत तुटलंय. बोर्डावरचे गोल नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले असतील तर त्याच मायक्रोफॅरड आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे नवे टाका. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किरकोळ पैशात मिळतात.

आता घरगुती एक्स्चेंज बनवू. ९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा म्हणजे १८ व्होल्ट झाले, एका तारेत ४७० ओहमचा रेझिस्टर टाका, यामुळे रिसीव्हर उचलल्यावर साधारण २० मिलिअँपिअर जातात, खऱ्या लाईनीवर पण तेवढ्याच आसपास जातात. आणि मध्ये एक सहा पायांचा डीपीडीटी स्विच असा जोडा की खटका मारला की प्लस मायनस उलटं होईल. कोपऱ्यातले पाय तिरके एकमेकांना जोडायचे, मधल्या दोन पायांना फोन, एका टोकाच्या दोन पायांना बॅटरी. बस्स. रिसीव्हर उचला, डिस्प्ले लागला तर अर्धी लढाई जिंकलात. डायल टोन येणार नाही, तो एक्स्चेंजमधून येतो, घाबरू नका. कुठलाही नंबर दाबा आणि खटका मारा. डब्याला वाटतं पलीकडच्याने उचललं. तो बीप देतो, रुपया मागतो. रुपया टाका, माईकमध्ये फुंकर मारा, कानात फुऽऽ असं आलं की माईक, स्पीकर, नाण्याची वाट, बोर्ड, सगळं एका फटक्यात पास. माझ्या डब्याने पहिल्या रात्री हे केलं तेव्हा अकरा वाजले होते आणि मी मामाला उठवून फोन केला होता.

नाणं घेत नाही, खाली पडतं

ही तक्रार सगळ्यांची असते आणि बऱ्याचदा दोष फोनचा नसतो, नाण्याचा असतो. ज्या रुपयासाठी हे डबे बनले तो १९९२ पासून आलेला स्टीलचा रुपया, २५ मिमी व्यास, ४.८५ ग्रॅम वजन. २०११ च्या मालिकेपासून रुपया लहान झाला, जवळपास २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅम, आणि २०१९ च्या मालिकेतला तर अजून लहान, २० मिमी. तो डब्याला रुपया वाटतच नाही, सरळ परतीच्या खळग्यात येतो. त्याच्याही आधीचा १९८३ ते १९९१ चा रुपया तांबं-निकेलचा, २६ मिमी, ६ ग्रॅम, तोही बऱ्याच डब्यांत अडकतो. कुठला कुठला ते लोहचुंबकाने लगेच कळतं, स्टीलचा चिकटतो, तांबं-निकेलचा नाही.

जुने रुपये हल्ली सुट्ट्यात कमी येतात, पण एक गंमत आहे. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं बरोबर २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमच आहे, स्टीलचंच. म्हणजे जुन्या रुपयाचं माप जसंच्या तसं. मी केलेले चारही डबे ते बिनतक्रार घेतात. पाहुणे आले की मी वाटीत तीच नाणी ठेवते. २०१९ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं मात्र २३ मिमी, ते चालत नाही.

नाणं बरोबर असूनही पडत असेल तर नाण्याची वाट बघा. वरच्या फटीतून नाणं एका तिरक्या पट्टीवरून घरंगळतं, लहान असेल तर खिडकीतून बाहेर पडतं, हलकं असेल तर वजनाचा छोटा पाळणा झुकत नाही, आणि सगळ्यातून पार झालं की शेवटी सेन्सरसमोरून जातं. रचना कंपनीप्रमाणे थोडी वेगळी असते पण तत्त्व हेच. तिथे तेल घालायचं नाही हे परत सांगते, कोरडं हवं. मऊ ब्रश, अल्कोहोल, आणि सेन्सरच्या दोन्ही डोळ्यांवरची धूळ कापसाच्या काडीने. पाळण्याचा स्क्रू पिरगाळायचा मोह होतो, तो करू नका, आधी साफ करून वीस नाणी टाकून मोजा किती पास होतात. माझ्याकडे नुसत्या साफसफाईने वीसपैकी सहा वरून एकोणीसवर गेलं.

लाईनला जोडणं

घरात लँडलाईन असेल किंवा फायबरच्या मोडेमला फोनचं पोर्ट असेल तर तिथे जोडून बघा. डायल टोन येईल, नंबर लागेल, पलीकडचा हॅलो म्हणेल, आणि बऱ्याच जणांचा डबा तिथेच गप्प राहील, कारण साध्या घरच्या लाईनवर उचलल्यावर प्लस मायनस उलटं होत नाही, ती सोय पीसीओच्या, म्हणजे सार्वजनिक फोनच्या, लाईनला असायची. फोन ठीक आहे. फक्त त्याला कुणी सांगितलंच नाही की पलीकडच्याने उचललंय.

यावर एटीए नावाची छोटी डबी मिळते, इंटरनेटच्या लाईनीला साधा फोन जोडायची. माझ्याकडे ग्रँडस्ट्रीमचं एचटी ८०१ आहे, त्याच्या सेटिंगमध्ये पोलॅरिटी रिव्हर्सल, म्हणजे प्लस मायनस उलटं करायचा, असा ऑप्शन आहे, तो यस करायचा, संपलं. जुना डबा पल्सवर डायल करत असेल, म्हणजे आकडा दाबला की कानात टकटकटक येत असेल, तर पल्स डायलिंगचा ऑप्शन पण चालू करायचा, नाहीतर नंबर लागणार नाही. काही डब्यांच्या बोर्डावर टोन पल्सचा बारीक स्विच असतो, तो आधी बघा. घरातल्या घरातच दोन फोन बोलवायचे असतील तर दोन पोर्टचं एचटी ८०२ आणि रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क हे एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर टाकलं की झालं, माझ्याकडे वरच्या खोलीत एक आणि अंगणात एक असं आहे.

बाहेरचा रंग

यावर मी थोडक्यातच लिहिते कारण माझं मत पक्कं आहे. गंज काढा, बारीक स्टील वूलने, खाली रेड ऑक्साईडचा प्रायमर मारा, जिथे पत्रा उघडा पडलाय तेवढाच भाग रंगवा. सगळा डबा नव्याने रंगवू नका. माझ्या डब्याच्या डाव्या अंगाला बॉलपेनने खरडलेले नंबर आहेत, काही सात आकडी, कुणीतरी "आई दवाखाना" असं लिहून खाली नंबर लिहिलाय. उजवीकडे १०९८ चा अर्धा फाटलेला स्टिकर आहे, मुलांसाठीची ती हेल्पलाईन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. हे सगळं एका स्प्रेच्या डब्यात दोन मिनिटांत पुसलं जातं. बॉलपेनच्या अक्षरांवर अल्कोहोल लागू देऊ नका, लगेच फिसकटतात, त्या बाजूला नुसतं कोरडं मऊ फडकं. स्टिकरची उचललेली कड पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बारीक ब्रशने खाली बसवा.

भिंतीला लावताना डब्याचं वजन लक्षात घ्या, नाण्यांनी भरला की अजून वाढतं, प्लास्टिकच्या गिट्ट्या नकोत, लोखंडी फास्टनर मारा. उंची अशी ठेवा की दहा वर्षांच्या पोराचा हात फटीपर्यंत पोचेल. आणि नव्या दोन चाव्यांपैकी एक डब्याच्या पाठीला टेपने चिकटवा, दुसरी जुडग्यात, वर चिठ्ठी बांधून.